सूरबाईंची धाकटी जाऊ

हिवाळ्यात सूरबाईंची सकाळ पियानोवर सुरू होत नसे, पिठावर सुरू व्हायची. उठल्या उठल्या बोटं अशी ताठलेली असत की पेन्सिलसुद्धा धरवत नसे. मग मोठ्या परातीत पीठ ओतायचं, त्यात कोमट पाणी घालायचं आणि दिवसभराच्या पावासाठी ते जोर लावून मळायचं. मळता मळता बोटं सैल व्हायची, कोपरापर्यंत ऊब चढायची आणि काल अर्धवट सोडलेली सुरांची ओळ आपसूक डोक्यात फिरू लागायची. पीठ झाकून ठेवलं की त्या तशाच हातांनी कागद पुढे ओढत. शहराच्या वाद्यवृंदातल्या लोकांना त्यांचा कागद ओळखायला सही बघावी लागत नसे. कोपऱ्यात पांढऱ्या अंगठ्याचा ठसा दिसला की समजायचं, हे सूरबाईंचं.

हे नाव संगीतशाळेतल्या मुलींनी ठेवलेलं. खरं नाव आता पोस्टमनला तेवढं माहीत होतं, आणि तोही हल्ली जिन्यातूनच ओरडायचा, "सूरबाईंचं पत्र!" आठवड्यातल्या तीन दुपारी त्या शाळेत शिकवत आणि उरलेला सगळा वेळ घरी बसून संगीत रचत. मुलांच्या समूहगानासाठी, शाळांच्या संमेलनांसाठी, कधी चार तंतुवाद्यांसाठी. त्यातलं बरंचसं छोट्या सभागृहात वाजलं होतं आणि त्याला नातेवाइकांनी मनापासून टाळ्याही दिल्या होत्या. पण अख्ख्या शहराला तोंडपाठ अशी त्यांची रचना एकच. पाणीखात्याला फोन लावला की "कृपया थांबा" म्हणून जी धून वाजत राहते, ती. लोकांनी ती इतक्या वैतागलेल्या मनाने ऐकलेली होती की ती आपली आहे हे सूरबाई सहसा कुणाला सांगत नसत.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि पहिल्याच कडाक्यात त्यांच्या कामाच्या खोलीतला हीटर गेला. खोली मागच्या बाजूची, उन्हाचं तोंड न बघणारी. दुरुस्तीला मेकॅनिक आला. पाइपाशी खटपट करताना तो शिट्टीवर नेमकी तीच पाणीखात्याची धून वाजवत होता.

"छान आहे हो धून. कुणाची?" सूरबाईंच्या नवऱ्याने साळसूदपणे विचारलं.

"कुणाची कोण जाणे," मेकॅनिक म्हणाला. "पण ज्याने कुणी केलीय ना, त्याला एकदा गाठायचंय मला." आणि त्याने हातातला पाना असा काही फिरवला की सूरबाई चहाचं निमित्त करून आत सटकल्या.

हीटरचा एक भाग बाहेरून मागवायला लागणार होता. तोवर त्या खोलीत माणूस बसणं अशक्य, आणि पियानो ठेवणं तर त्याहून वाईट. गारठ्याने त्याच्या तारा उतरल्या असत्या. म्हणून पियानो स्वयंपाकघरात हलला. सूरबाईंचे यजमान दाताचे डॉक्टर. खालच्या मजल्यावर दवाखाना, वर घर. ते, मेकॅनिक आणि दवाखान्यात गाल सुजवून बसलेला एक धिप्पाड पेशंट, अशा तिघांनी मिळून ते धूड ढकललं. दाराच्या चौकटीचा रंग गेला, पेशंटचं म्हणणं असं की तेवढ्या वेळात दुखायचंही थांबलं, आणि पियानो भांड्यांचं कपाट आणि मोरी यांच्या मधोमध जाऊन बसला.

सूरबाईंना वाटलं होतं, आता कामाचं वाटोळं झालंच म्हणून समजा. पण त्या स्वयंपाकघराने त्यांना खूश केलं. शेगडीवर काहीतरी रटरटत असायचं, खिडकीच्या काचेवर वाफ धरायची आणि तिच्यावर बोटाने स्वर लिहून बघता यायचे. फळीवर ओळीने लावलेली झाकणं होती. पियानोचा एक ठरावीक खालचा सूर लागला की त्यातलं मोठं झाकण गुणगुणायला लागायचं. खालून मधूनच ड्रिल मशीनची किरकिर यायची. ती अगदीच रसभंग करू लागली की सूरबाई टाचेने जमिनीवर दोन ठोके मारत आणि डॉक्टर पेशंटला चूळ भरायला सांगत. उलट, खाली कुणी फारच घाबरट माणूस आला की डॉक्टर जिन्याशी येऊन हाक देत, "अगं, जरा संथ काहीतरी वाजव!"

शेगडीच्या कडेला सासूबाईंची खुर्ची. वयाने कान जवळजवळ गेलेले. कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते टेबलाच्या खणात पडून होतं. "ते घातलं की सगळं जग खोकतंय असं वाटतं," ही त्यांची तक्रार. पण डोळे आणि जीभ शाबूत; समोरच्याचे ओठ बघून बोलणं कळायचं. सून पियानोवर बसली की त्या तिच्या पाठीकडे बघून सांगायच्या, "आज काही धड जमत नाहीये वाटतं." आणि ते बहुतेक वेळा खरं असायचं.

त्या हिवाळ्यात तर जमत नव्हतंच. वाद्यवृंदाचे संचालक थंडीच्या सुरुवातीलाच गळ्याला दोन मफलर गुंडाळून चहाला आले होते. हिवाळा सरताना रविवारी दुपारी मोठा कार्यक्रम करायचा होता. "बाई, त्यात नवीन काही हवं तर ते तुमचंच," ते म्हणाले. "फक्त एवढंच बघा, लोकांना घरी जाताना गुणगुणता आलं पाहिजे आणि जाणकारांनाही नाक मुरडायला जागा राहता कामा नये."

"दोन्ही एकदम?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो!" असं म्हणून त्यांनी चौथा पाव उचलला.

धून मिळायला सूरबाईंना फार वाट बघावी लागली नाही. शाळेत जाताना रस्त्यावर पातळ बर्फ धरलं होतं. त्यावरून त्या जपून, एक पाऊल टाकून, थांबून, अंदाज घेऊन पुढचं टाकत चालल्या होत्या आणि त्या चालीतच ती धून आली. संथ, थोडी मिश्कील, जरा घाबरत घाबरत पुढे जाणारी. वर्गात शिरेपर्यंत ती पुरी झाली होती. सूरबाईंनी फळ्यावर आधी ती लिहून टाकली आणि मग मुलींची हजेरी घेतली.

अडलं ते पुढे. ती धून वाजवायची कुणी? व्हायोलिनना दिली तर ती पाकात बुडवल्यासारखी गुळमट व्हायची. बासरीला दिली तर पाहुण्यांसमोर उभं करून कविता म्हणायला लावलेल्या पोरासारखी वाटायची. ट्रम्पेटला देऊन पाहिली, तर जणू महापौर येत असल्याची वर्दी. सूरबाई पियानोवर तिला उलटीपालटी करत, कागद भरत, कागद फाडत. शेगडी पेटवायला कागदाची ददात नव्हती एवढाच काय तो फायदा. डॉक्टर जेवताना हळूच विचारत, "काय म्हणतेय?" आणि सूरबाई म्हणत, "वाढू का अजून?" त्यावरून डॉक्टरांनी ओळखायचं.

अशात एका रविवारी त्यांचे दीर जेवायला आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको.

म्हणजे तसं घरात म्हणायची पद्धत होती. भाऊजींचं लग्न झालेलं नव्हतं. ते वाद्यवृंदात डबल बास वाजवत. माणसापेक्षा उंच, रुंद कमरेचं, उभं राहून वाजवायचं ते वाद्य. ऐन तारुण्यात त्यांनी ते घरी आणलं तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या होत्या, "ही माझी धाकटी सून दिसते. अंगाने भरलेली आहे, पण बोलायला खालच्या आवाजात असेल तर माझी काही हरकत नाही." तेव्हापासून सूरबाईंची ती धाकटी जाऊ. भाऊजींच्या खोलीला रंग द्यायचं काम निघालं होतं, आणि रंगाच्या वासात आणि ओलीत लाकूड खराब होईल म्हणून त्यांनी तिला थोरल्या भावाकडे काही दिवस ठेवायला आणलं होतं. जिन्यात ते उलटे, पाठीने वर चढत होते आणि प्रत्येक वळणाला तिला "जरा सांभाळून" म्हणत होते.

"आली का धाकटी?" सासूबाई म्हणाल्या. "माहेरपणाला आली असेल तर बसव कोपऱ्यात. काम सांगू नका तिला."

भाऊजी म्हणजे मुलखाचे लाजाळू. वाद्यवृंदात इतकी वर्षं काढली ती अगदी मागच्या भिंतीला पाठ लावून. पुढे व्हायोलिनवाले माना डोलवत, चेलो हे व्हायोलिनचं मोठं भावंड वाजवणाऱ्या बाई डोळे मिटून घेत, आणि भाऊजी मागे आपले धूं धूं करून सगळ्यांच्या पायाखाली जमीन धरून ठेवत. स्वतःची अशी धून त्यांच्या वाट्याला कधीच आली नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूरबाई पीठ मळून उठल्या. कोपऱ्यात जाऊबाई उभ्या होत्या. सहज म्हणून सूरबाईंनी पिठाच्याच बोटाने तिची एक तार छेडली. फळीवरची सगळी झाकणं एकदम हुंकारली. सूरबाई दचकल्या, मग हसल्या, आणि मग हसता हसता त्यांनी ती बर्फावरची धून एका बोटाने, चाचपडत, चुकत माकत त्या जाड तारांवर काढून बघितली.

आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. तोल सांभाळत चाललेल्या माणसाची धून जडशीळ माणसाच्या गळ्यातूनच यायला हवी होती! आता तिच्यात भीती होती, मिश्कीलपणा होता आणि वर एक भारदस्त माया होती. त्यांनी टाचेने जमिनीवर दोन ठोके मारले. खाली डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं. त्यांनी आणखी दोन मारले. मग पाच-सहा. शेवटी डॉक्टर हातमोजे घालूनच धापा टाकत वर आले.

"काय झालं? आई?"

"आई बऱ्या आहेत. अहो, मिळालं!"

डॉक्टरांनी बायकोचा चेहरा पाहिला, पिठाने माखलेली तार पाहिली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडून सांगितलं, "काही नाही हो! आनंदाची बातमी आहे! तोंड मिटलंत तरी चालेल!"

पुढच्या रविवारपर्यंत पहिला भाग लिहून झाला. भाऊजी आले तसा सूरबाईंनी तो त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो वाचला. वाचताना त्यांचे कान लाल होत गेले.

"वहिनी, हे चेलोचं पान चुकून इकडे आलंय."

"चुकून नाही आलं. तुमचंच आहे ते."

"पण यात तर सगळी धून..."

"सगळी."

"म्हणजे लोक माझ्याकडे बघणार!"

"बघतील की. त्यांना दुसरं काय काम असतं?"

"नाही हो वहिनी. मला त्याची सवय नाही. मला पाठीला भिंत लागते." एवढं बोलून भाऊजींनी टोपी उचलली, आणि ताट तसंच टाकून ते जिना उतरून गेले. जाताना जाऊबाईंनाही विसरले.

त्यानंतर ते फिरकले नाहीत. वाद्य जवळ नव्हतं म्हणून तालीमही चुकवली आणि सर्दी झाल्याचा निरोप पाठवला. "बायको आमच्या गळ्यात आणि नवरा पसार," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर एका संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जाऊन आले. येताच त्यांनी खुर्चीत अंग टाकलं. "दात काढणं सोपं. हा तर तोंडच उघडत नाही."

सूरबाईंना दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेता आलं असतं, संचालकांची तर चेलोसाठीच ओढ होती. पण लिहिताना त्यांना डोळ्यांसमोर सारखे भाऊजीच दिसत होते. जिन्यात वाद्याला "जरा सांभाळून" म्हणणारे. त्या निमूट पुढचं लिहीत राहिल्या. सकाळी पीठ, मग पियानो, दुपारी शाळा, परत येऊन भाज्या चिरता चिरता मनात व्हायोलिनच्या ओळी जुळवणं. एकदा त्यांनी मीठ दोनदा घातलं आणि एकदा अजिबात घातलं नाही. घरात सगळ्यांनी ताट पुसून खाल्लं.

मग एके दिवशी कडाक्याच्या थंडीमुळे शाळेला सुट्टी मिळाली. सूरबाई अंगात दोन स्वेटर घालून मागच्या गार खोलीत जुने कागद शोधत होत्या. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. भाऊजी! वहिनी शाळेत असतील या हिशेबाने ते गुपचूप वाद्य न्यायला आले होते. सूरबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं आणि श्वास रोखून धरला.

सासूबाई शेगडीजवळ मटार सोलत होत्या. मुलाला बघून त्यांनी मान हलवली आणि परत शेंगांना लागल्या. भाऊजींनी वाद्य कोपऱ्यातून बाहेर घेतलं, तारांवरून हात फिरवला. इतके दिवस हात रिकामे राहिलेले. न्यायच्या आधी जरा सुरात आहे की नाही बघावं म्हणून त्यांनी बो, म्हणजे वाजवायचा गज, काढला. पियानोवर सूरबाईंचा कागद उघडाच होता. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं. आईला तर ऐकू येत नाही. आणि ते वाजवायला लागले.

वाद्याचा लोखंडी पाय लाकडी जमिनीवर टेकलेला होता. पहिल्या चार-पाच सुरांतच सासूबाईंचा हात शेंगेवर थबकला. त्यांनी पायाकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट ठेवले.

"अरे, हे जमिनीतून काय येतंय?"

भाऊजी चपापून थांबले.

"थांबलास का? आत्ता येत होतं. तू वाजवतोयस ते?" त्या उठल्या, मटारचे दाणे इकडेतिकडे घरंगळले, आणि वाद्याच्या रुंद पोटावर त्यांनी तळवा ठेवला. "वाजव."

भाऊजींनी वाजवलं. सुरुवातीपासून. सासूबाई तोंड किंचित उघडं टाकून उभ्या होत्या, नजर कुठेतरी लांब लागलेली.

"हे तू वाजवतोस?" त्यांनी ओरडून विचारलं, कारण त्या नेहमीच ओरडून बोलत. "इतकी वर्षं?"

"हो, आई."

"मी तुझ्या कार्यक्रमांना येऊन बसायचे, तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

"अरे देवा! मला कुठे ऐकू येत होतं? पुढच्या लोकांचं जरा चिरचिर ऐकू यायचं. मला वाटायचं, तू ते नुसतं धरून उभा राहतोस. पडू नये म्हणून!"

भाऊजींनी आईकडे पाहिलं, आणि इतके हसले की त्यांना वाद्याला टेकावं लागलं. हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. सासूबाईंचा हात तिथेच होता, त्यामुळे त्यांना हसूही तळव्यातून कळलं असावं, कारण त्याही हसायला लागल्या.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "ते हळूहळू चालत जातं ना, ते."

मागच्या खोलीत सूरबाईंना नेमक्या त्याच वेळी शिंक आली. मग लपण्यात अर्थ उरला नाही. नाक पुसत त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी पुढे उभा राहणार नाही."

"नका राहू."

"मागे, माझ्याच जागेवर."

"तुमच्याच जागेवर. मी तसं लिहिते."

"आणि या तिसऱ्या ओळीत हात पोचत नाही. हा सूर इथे आहे आणि पुढचा पार तिथे. मधे मला बस पकडावी लागेल."

सूरबाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि दोन सुरांच्या मध्ये एक विराम टाकला. "घ्या. पकडा बस." वाजवून बघितलं, तर ती थबकलेली जागाच आता सगळ्यात सुंदर लागत होती. माणूस घसरता घसरता सावरतो तशी.

तिथून पुढचे दिवस झकास गेले. दुपारी शाळा नसेल त्या दिवशी भाऊजी यायचे. शेगडीवर चहा, पियानोवर सूरबाई, मध्ये जाऊबाई, आणि तिच्या पोटाला हात लावून सासूबाई. सूरबाई एक ओळ लिहायच्या, भाऊजी वाजवायचे. ते म्हणायचे, "हे जमेल, पण धाप लागेल." सूरबाई म्हणायच्या, "लागू दे, तिथे धापच हवी आहे." कधी दोघांची जुंपायची. भाऊजी एरवी चार शब्द न बोलणारे, पण एकेका सुरासाठी हमरीतुमरीवर येऊ लागले. सूरबाईंना त्याचा इतका आनंद व्हायचा की त्या काही वेळा मुद्दाम चुकीचं लिहीत. खाली पेशंट विचारायचे, "डॉक्टर, वर काय चाललंय?" "माझी बायको आणि माझा भाऊ भांडतायत," डॉक्टर अभिमानाने सांगायचे. "आ करा."

संचालकांनी मात्र पहिल्या तालमीला कपाळावर हात मारून घेतला. "बाई, मुख्य वाजवणारा मागे भिंतीशी? लोक बघतील कुठे?"

"लोक ऐकायला येणार आहेत ना?"

"बघायलाही येतात हो! आणि डबल बास? तुम्हाला खात्री आहे?"

"तुम्ही एकदा काठी उचला तर खरं," सूरबाई म्हणाल्या.

त्यांनी उचलली. धून मागून सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या चेलोवाल्या बाई, ज्यांना ती आपल्याकडे येणार अशी खात्री होती आणि म्हणून सकाळपासून ज्यांचा चेहरा आंबट होता, त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मग त्या हळूच खुर्चीसकट थोड्या तिरक्या झाल्या, भाऊजी नीट दिसावेत म्हणून. शेजारचा सरकला. त्याच्या शेजारचा सरकला. संचालकांनी ते पाहिलं आणि त्यानंतर भिंतीचा विषय काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी छान ऊन पडलं होतं. कडेकडेने साचलेलं बर्फ विरघळून रस्त्यांवरून पाणी वाहत होतं. सूरबाईंनी एकच हट्ट धरला होता: सासूबाईंची खुर्ची सभागृहात नको, रंगमंचावर हवी, पडद्याच्या आडोशाला. रंगमंचाची जमीन लाकडाची. सासूबाई तिथे चपला काढून, लोकरीचे मोजे घालून, तळपाय टेकवून ऐटीत बसल्या होत्या. सूरबाई डॉक्टरांच्या शेजारी तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी डॉक्टरांचा हात इतका घट्ट धरला होता की डॉक्टर कुजबुजले, "हा उजवा आहे. उद्या मला लागणार आहे."

सुरुवात अगदी बारीक आवाजाची. व्हायोलिनची नुसती थरथर, गारठ्यासारखी. आणि मग कुठूनसं ती धून चालू लागली. लोक माना वळवून शोधू लागले. पहिल्या रांगेत नाही, दुसऱ्या रांगेत नाही. एक बाई तर वर छताकडे बघत होत्या. हळूहळू एकेकाची नजर मागच्या भिंतीशी पोचली. तिथे एक उंच माणूस डोळे मिटून, वाद्याच्या खांद्यावर हनुवटी झुकवून उभा होता, आणि त्याला कुणी बघत असल्याचं भानही नव्हतं.

तिसऱ्या ओळीतला तो विराम आला. आणि लांबला. फारच लांबला. संचालकांची काठी हवेत अडकली. सूरबाईंच्या कपाळावर घाम आला. सभागृहात कुणी खोकलंही नाही. मग भाऊजींनी पुढचा सूर असा काही अलगद टेकवला की बसलेल्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास सोडला आणि तो सूरबाईंना स्पष्ट ऐकू आला. "बस चुकली होती," भाऊजींनी मागाहून सांगितलं. "पुढची येईपर्यंत थांबलो."

शेवटचा सूर विरला आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो थांबेना. संचालकांनी मागे हात करून भाऊजींना उभं राहण्याची खूण केली. भाऊजी गोंधळले. उभे तर ते होतेच! त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग बसायला खुर्ची आहे का ते पाहिलं, आणि काहीच सुचेना तेव्हा वाद्याची मान धरून तिलाच प्रेक्षकांपुढे वाकवलं. हशा आणि टाळ्या एक झाल्या. पडद्याआडून सासूबाई खणखणीत आवाजात ओरडल्या, "धाकटीने नाव काढलं!" ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, आणि ती धाकटी कोण याची शहरात पुढे बरेच दिवस चर्चा होती.

बाहेर पडताना लोक जिन्यावरून ती धून गुणगुणत होते. सगळेजण आवाज जमेल तितका खाली नेत होते, त्यामुळे जिन्यात गाडी सुरू होत असल्यासारखा घुमारा भरला होता. सूरबाई कठड्याशी उभ्या राहून ते ऐकत होत्या. नवा फरचा कोट किंवा फुलं मिळालेल्या बाईचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता, असं डॉक्टर सांगतात. सूरबाई म्हणतात, तसं काही नव्हतं, त्यांना फक्त भूक लागली होती.

भाऊजी अजूनही भिंतीशीच उभे राहतात. फरक इतकाच की तालमीत कुणी घाई केली तर आता ते मागून "हं!" असं म्हणतात, आणि सगळे थांबतात.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सूरबाई सकाळी पियानोवरचं पीठ पुसत होत्या. दार वाजलं. दारात वाद्यवृंदातला ट्रायँगलवाला, लोखंडी त्रिकोण वाजवणारा, उभा. काटकुळा, वयस्कर गृहस्थ. कार्यक्रमभर हात मांडीवर ठेवून बसायचा आणि संध्याकाळभरात दोन-तीनदा किणकिण करायचा. टोपी हातात घेऊन तो पायपुसण्यावरच घुटमळत राहिला.

"बाई, राग मानू नका. मला फार मोठं काही नको आहे. पण एखादी... म्हणजे माझ्याही वाट्याला..."

"आधी आत तर या. गारठा आत येतोय."

तो आत आला. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि शेगडीजवळची जागा दाखवली. सूरबाईंनी एक कप वाढवला, हात पुसले आणि समोर बसल्या.

"आणलंय का बरोबर?"

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून, रुमालात गुंडाळलेला ट्रायँगल काढला. चेहरा इतका खुललेला की सूरबाईंना हसू आवरेना.

"वाजवा," त्या म्हणाल्या. "एकदाच. आणि तो सूर पुरता विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही."